कुमार सोडून सगळा बँड

राजेश्वर गावात राजूबाईच्या गिरणीवर दळण टाकायचं, तर एक पथ्य पाळावं लागतं. बँडचा विषय काढायचा नाही. काढला, की तुमची जवारी खोक्यात तशीच राहते, पट्टा नुसता फिरत राहतो, आणि राजूबाई कमरेवर हात ठेवून कमठाण्याच्या नवरत्न ब्रास बँडचं एकेक वाद्य तुम्हाला समजावून सांगते. ढोल कसा, ताशा कसा, ट्रंपेटवाला श्वास कुठं चोरतो. आणि सगळ्यात शेवटी ती त्या गाणाऱ्यावर येते. गाणाऱ्यावर आली, की समजावं, आज घरी भाकरीला उशीर होणार.

बाई तिखट कानाची. नवरा अंबाजी गेल्यापासून गिरणी तीच चालवते, पण पीठ हातावर घेऊन बघताना तिला कुणी पाहिलं नाही. ती दारात तांदूळ निवडत बसते आणि आत दगड जरा कोरडा फिरला, की तिथूनच उठते. पट्टा सैल झाला, ऐकून कळतं. दगड फार जवळ आला, ऐकून कळतं. एकदा तीन घरं पलीकडच्या माणसाला तिनं सांगितलं, "अण्णा, तुमची बोअरची मोटार जळायलीय." तो हसला. दुसऱ्या दिवशी मोटार जळाली, आणि तेव्हापासून राजूबाईच्या कानाला गावात कुणी हसत नाही. लोक हसतात ते तिच्या बँडवेडाला.

हे वेड लागलं नऊ वर्षांपूर्वी. अंबाजीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पोरगी अंबिका चौदा वर्षांची. राजूबाई गिरणी चालवायची, शेताकडं बघायची, घरी यायची. बोलणं कामापुरतं. हसणं तर सोडूनच दिलं होतं. उन्हाळ्यात गावात कुणाच्या तरी घरी लग्न होतं आणि परण्या निघाला होता. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. राजूबाईनं खोक्यात पायलीभर जवारी ओतली होती. बाहेरून क्लॅरिनेट ऐकू आलं. गाणं वर चढत होतं, चढत होतं, आणि आता शेवटच्या पायरीवर पाय ठेवणार म्हणताना ते क्लॅरिनेट एकदम खाली बुडालं, खालून वळसा घेतला, आणि भलतीकडूनच वर आलं.

झालं. बाई पिठाच्या हातानंच उठली आणि बँडच्या मागं गेली. पट्टा चालूच. जवारी संपली, दगडावर दगड फिरायला लागला, गिरणीतून जळका वास सुटला, शेजारणींनी धावत जाऊन करंट बंद केला. आणि ही बाई कुठं, तर मारुतीपुढं, पापण्यांपर्यंत पांढरी, क्लॅरिनेटवाल्या भगवान मास्तरांच्या पुढ्यात उभी, आणि हसायलीय. अंबिका सांगते, वर्षभरात आईला हसताना तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नवे दगड बसवायला चार दिवस गेले, तरी बाईचं तोंड उतरलं नाही. तिनं त्याच दिवशी ठरवलं होतं: माझ्या अंबिकेच्या लग्नात हाच बँड, आणि मारुतीपुढं हाच वळसा.

फक्त तो गाणारा नको.

त्याचं नाव बँडच्या गाडीवर रंगवलेलं होतं, 'सिंगर एच. कुमार'. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, तुऱ्याची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. तो स्पीकरच्या गाडीशेजारून माइक धरून चालायचा. आवाज असा, की खालच्या पट्टीत कसाबसा निभावून न्यायचा, पण वर चढला, की फिरत्या दगडात खडा सापडावा तशी करकर. खोटं कशाला बोला, गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोरं नाचायची, बाया बघायच्या, कुमार गायचा. पण राजूबाईला ते सोसायचं नाही. पंचक्रोशीत कुठंही नवरत्न बँड आला, की ही जाणारच. आमंत्रण असो नसो, लांबचं नातं काढून जाणार. आणि कुमारनं माइक तोंडाला लावला, की ही दोन्ही कानांवर पदर गच्च धरून, सगळ्यांच्या पुढं, भगवान मास्तरांच्या क्लॅरिनेटजवळ जाऊन चालणार. त्या नऊ वर्षांत तिनं कुमारचं तोंड धड बघितलं नाही. बघायची इच्छाच नव्हती.

आता गिरणीचे दगड झिजतात. झिजले, की छिन्नी-हातोडीनं त्यांच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. राजूबाईच्या दगडांना टाकी लावायला दर दोन-तीन महिन्यांनी हावगेप्पा यायचा. सडसडीत अंगाचा, चाळिशीचा, मोपेडवर छिन्न्यांची पिशवी. येतायेताच नाका-तोंडाला फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांवर पांढऱ्या काचेचा मोठा चष्मा, कारण दगडाची धूळ वाईट. चहासुद्धा बाहेर मोपेडजवळ, पाठमोरा उभा राहून प्यायचा. बोलणं म्हणजे फडक्याआडून दोन शब्द. "व्हय अक्का." "न्हाई अक्का." आणि गाव त्याचं कमठाणा.

कमठाण्याचा माणूस सापडल्यावर राजूबाई गप्प बसणार होय? पहिल्याच खेपेला तिनं सुरू केलं.

"तुमच्या गावचा बँड लई नामी हाय बगा, हावगेप्पा. मास्तरचं क्लारनेट ऐकून भूक लागत न्हाई. पर तो कुमार कशाला ठेवलाय वो?"

हातोडी थांबली. "कामून अक्का?"

"कामून काय. आवाज हाय का ती फाटकी चाळणी? चांगल्या पिठात खडा टाकायलाय तो."

हावगेप्पानं छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, "नेमकं कुठं बिघडतंय म्हनायचं?"

असं विचारणारं माणूस राजूबाईला जन्मात भेटलं नव्हतं. बाकीचे हसायचे, नाहीतर जवारी उचलून चालू पडायचे. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि नेमकं कुठं बिघडतं, ते सांगायला बसली. पदर धरला तरी त्या कानातून काही सुटलं नव्हतं. कुमार ओळीच्या मधेच श्वास तोडतो. शब्द दातात धरतो. वर चढायच्या आधीच घाबरतो, म्हणून आवाज आवळला जातो. हावगेप्पा टाकी लावत ऐकत राहिला. पुढच्या खेपेला त्यानं आपणहून विचारलं, "मागल्या आठवड्यात हुमनाबादेत बँड होता म्हनं. कसा गायला कुमार?" राजूबाई हरखली. श्वास तोडणं जरा कमी झालंय म्हणाली, पण वरचं तसंच वंगाळ.

असं आठ वर्षं चाललं. गावातल्या दोघा-तिघांना काय ते ठाऊक होतं. पण राजूबाईला सांगणार कोण? सांगायचं, आणि मग वर्षभर जाडंभरडं पीठ खायचं?

तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. तिच्या मात्र आलं नव्हतं. ज्या बाईला तीन घरांपलीकडची मोटार ऐकू यायची, तिला हातभर अंतरावरचा गळा ओळखू आला नाही.

यंदा अंबिकेचं जमलं. मुलगा बसवेश, आळंदकडचा, शाळेत मास्तर. घर कानडी बोलणारं, पण माणसं मोकळी. बोलणी झाली, याद्या झाल्या, आणि शेवटी बँडची गोष्ट निघाली. परण्या मुलीच्या गावात निघतो, तेव्हा बँड मुलीकडच्यांनी बघायचा, हे इकडं ठरलेलंच आहे. मुलाची आई शरणम्मा मराठी जपून, कानडी हेल काढून बोलायची. ती म्हणाली, "विहीणबाई, बँडात गाणारा चांगला बगा हं. आमच्याकडं लोक गाण्याबिगर नाचत न्हाईत. बसवेशचे सगळे दोस्त नाचायला यायलेत."

"आमच्या बँडाला गाणारा लागतच न्हाई," राजूबाई म्हणाली. "नुसत्या वाजवण्यावर तुमचा घोडासुद्धा नाचंल."

"बिन गाण्याचा परण्या?"

"तुमी बगाच. मारुतीपुढं मास्तर एक वळसा घेतेत. तो ऐकून जर तुमी म्हनला की गाणारा पाहिजे होता, तर मी नाव बदलीन."

अंबिकेनं आतून कपाळावर हात मारला. पण शब्द तोंडातून गेला होता. आठ दिवसांत सगळ्या राजेश्वरात आणि अर्ध्या आळंदात माहीत झालं, की राजूबाई पोरीचा परण्या बिनगाण्याचा काढणार आहे.

त्याच आठवड्यात हावगेप्पा टाकी लावायला आला. राजूबाई वाटच बघत होती.

"तुमच्या गावात माझा एक निरोप न्यायचा. मास्तरला सांगा, बारा तारखेला अंबिकेचं लगीन हाय, सगळा बँड पाहिजे. ढोल, ताशा, ट्रंपेट, सगळे. कुमार सोडून."

हातोडी दोन ठोके जास्तच थांबली.

"कुमार येऊच नये, का गाऊ नये अक्का?"

"तोंड उघडू नये. माझ्या पोरीच्या परण्यात त्याचा एक शब्द ऐकू आला न्हाई पाहिजे. नऊ वर्षं वाट बघितलीय मी, हावगेप्पा. एकदा तरी तो वळसा मला निवळ ऐकायचाय, मधी खडा न येता."

"सांगतो अक्का," हावगेप्पा म्हणाला आणि दगडावर वाकला.

बारा तारीख उजाडली. सकाळी दहाच्या सुमाराला बँडचा टेंपो पाराजवळ आला आणि राजूबाई विहिणीला पाणी द्यायचं सोडून तिकडं पळाली. एकेक माणूस उतरताना तिनं मोजला. भगवान मास्तर उतरले, पांढऱ्या मिशा, काखेत क्लॅरिनेटची पेटी. ट्रंपेटवाले तिघं, ढोल, ताशा, झांज. स्पीकरची गाडी उतरली, तिच्यामागं ढकलणारा. लाल कोट नाही, तुरा नाही, काळा चष्मा नाही. राजूबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं पदरानं कपाळाचा घाम टिपला आणि तिथूनच ओरडली, "वाजवा की मास्तर, कशाची वाट बघायलाव?"

आणि बँड लागला. आता त्या तासाभराचं काय सांगावं. ताशानं सुरुवात केली आणि अख्ख्या गल्लीच्या अंगात वारं शिरलं. ट्रंपेट घुमलं, तशी पोरं माळवदांवर चढली. बसवेश घोड्यावर अवघडून बसला होता, तोही मान हलवायला लागला. त्याचे दोस्त शर्टाच्या बाह्या वर सारून उतरले. पहिलं गाणं, दुसरं गाणं, तिसरं. शब्द नव्हते, पण कुणाला उणं वाटलं नाही. शब्द ज्याचे त्याला पाठ होते. शरणम्मा आधी डोक्यावर पदर घेऊन कडेनं चालत होती. तिसऱ्या गाण्याला तिनं टाळी धरली आणि राजूबाईकडं बघून म्हणाली, "छलो अद री. भारी हाय."

राजूबाईचे पाय जमिनीवर नव्हते. नवी साडी, हातात आरतीचं ताट, आणि बाई भगवान मास्तरांच्या पुढं उलटी चालत होती, त्यांच्या बोटांकडं बघत. पोरीची आई अशी चालते का म्हणून म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. तिला कुठलं भान. मारुतीचं देऊळ दिसायला लागलं, तसं तिच्या छातीत ढोलाबरोबर धडधडायला लागलं. तिनं शरणम्माचा हात धरून तिला पुढं ओढलं.

"आता. आता ऐका हं."

मास्तरांनी ते गाणं सुरू केलं. ट्रंपेट खाली थांबली, ताशा हलका झाला, क्लॅरिनेट एकटं चढायला लागलं. एक पायरी, दुसरी, तिसरी. राजूबाईनं डोळे मिटले. आता शेवटची पायरी, आता ते बुडणार, आता खालून वळणार.

क्लॅरिनेट सरळ वर गेलं आणि उतरून आलं.

राजूबाईनं डोळे उघडले. मास्तरांनी पुन्हा ओळ घेतली. पुन्हा चढलं, पुन्हा सरळ, पुन्हा उतरलं. वाजलं चांगलंच. कुणाला काही खटकलं नाही, पोरं नाचत होती. पण वळसा नव्हता. शरणम्मानं विचारलं, "झालं का तो तुमचा?" राजूबाईनं ताट शरणम्माच्या हातात दिलं आणि सरळ मास्तरांच्या पुढ्यात जाऊन हात वर केला. बँड थांबला. घोडं थांबलं. देवळातून भटजींनी ओरडून सांगितलं, मुहूर्ताला पाऊण तास राहिलाय.

"मास्तर, वळसा कुठं गेला?"

"कंचा वळसा?"

"कंचा काय. वर गेल्यावर खाली बुडून घेता तो. नऊ वर्षं ऐकायलेय मी."

भगवान मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. जरा ओशाळल्यासारखे झाले. "तो वळसा माजा न्हाई वो अक्का."

"मग कुणाचा?"

"कुमारचा म्हना. न्हाईतर दोघांचा म्हना." त्यांनी मिशीवरचा घाम पुसला. "तिथं वर चढला, की त्याचा आवाज फाटतोय. तो फाटायच्या आधी मी खाली जातो, त्याला खालून धरतो, अन् संगट घेऊन वर येतो. लोकांला कळू नये म्हनून काढलेली वाट हाय ती. आता वर कुणी अडकलंच न्हाई, तर मी खाली कुणासाटी जाऊ?"

"तसंच वाजवा की, तो हाय असं समजून."

"दुसऱ्यांदा तेच करून बघितलं. बोटं जाईनात. पुढं कुणी अडकायला पाहिजे, तवाच जातेत ती."

राजूबाई गप्प झाली. ही गोष्ट कुणी लिहून ठेवण्यासारखी, कारण गावानं ती बाई गप्प झालेली त्याआधी एकदाच, अंबाजी गेला तेव्हा, पाहिली होती. नऊ वर्षं कानांवर पदर धरून जो आवाज ती बाहेर ठेवत होती, त्याच्याच पोटातून तिचा वळसा आला होता. तो फाटत होता, म्हणून हे वळत होतं. शरणम्मा ताट धरून बघत होती. बसवेश घोड्यावरून बघत होता.

"कुठाय तो?" राजूबाई म्हणाली. "कमठाण्याला फोन लावा. गाडी पाठवते मी."

"फोन कशाला," मास्तर म्हणाले. "त्यो काय."

त्यांनी मागं बोट केलं. सगळ्यांच्या मागं, स्पीकरच्या गाडीला दोन्ही हात लावून, नाका-तोंडाला फडकं गुंडाळलेला एक सडसडीत अंगाचा माणूस उभा होता. राजूबाईनं इकडंतिकडं बघितलं.

"तो तर आमचा हावगेप्पा हाय. दगडवाला."

"त्योच की. हावगेप्पा कुमार."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. राजूबाई गर्दीतून मागं गेली. हावगेप्पानं गाडीवरचे हात काढले, काय करावं कळेना, तेव्हा तोंडावरचं फडकं खाली ओढलं. आठ वर्षांत तिनं ते तोंड पहिल्यांदा जवळून पाहिलं. साधं तोंड होतं. ओठ कोरडे, वरच्या ओठावर बारीक मिशी, आणि हसू आवरत असल्यासारखं काहीतरी. तिला चाळणी आठवली. खडा आठवला. दर दोन-तीन महिन्यांनी, चहा पाजून, समोर बसवून, आपण ह्या माणसाला काय काय ऐकवलं, ते सगळं एका दमात आठवलं, आणि शरमेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मला सांगितलं का न्हाईस?" अहो-जाहो तिच्या तोंडून गळून पडलं.

"तुमी चुकीचं बोलत नव्हता की अक्का," हावगेप्पा म्हणाला. "बाकी समदे 'लई भारी, लई भारी' म्हनतेत अन् जेवायला जातेत. माजं गाणं पुरतं ऐकून सांगणारं तुमी एकटंच भेटला. सांगितलं असतं, तर तुमी बी 'भारी' म्हनला असता."

"अन् आज गाडी ढकलायला कशाला आलास? घरी राहायचं की."

"तोंड उघडू नका म्हनला होता. येऊ नका म्हनला नव्हता." मग खाली बघत म्हणाला, "आपल्या अंबिकेचा परण्या हाय. ती शाळंत असताना बघितलीय मी तिला, गिरणीत अभ्यास करताना."

राजूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. गाडीवर माइक कापडात गुंडाळून ठेवला होता. तिनं तो सोडवला आणि त्याच्या हातात कोंबला.

"गा."

"अक्का, गाव समदं ऐकायलंय. तुमी शब्द दिलाय विहिणीला."

"शब्दाचं मी बघते. गा म्हनलं ना."

"तुमाला आवडायचं न्हाई."

"न्हाईच आवडत. आजबी आवडायचं न्हाई. गा."

ती तशीच त्याच्या दंडाला धरून त्याला मास्तरांजवळ घेऊन आली आणि शरणम्माला म्हणाली, "विहीणबाई, माझं चुकलं. ह्या बँडाला गाणारा लागतो. आजपासून माझं नाव तुमी ठेवाल ते." शरणम्मा हसली आणि ताट सावरत म्हणाली, "आधी ऐकू तर द्या."

ताशा हलका सुरू झाला. हावगेप्पानं माइक धरला. लाल कोट नव्हता, टोपी नव्हती, गळ्यात धुळीचं फडकं लोंबत होतं. त्यानं ओळ उचलली. पहिली पायरी, दुसरी. आवाज तोच. तीच करकर, तोच आवळलेला गळा. राजूबाईचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि तिनं तो खाली घेतला. तिनं पहिल्यांदाच ते गाणं उघड्या कानांनी ऐकलं. वर चढताना तो कुठं घाबरला, तेही तिला ऐकू आलं, आणि नेमक्या त्याच जागी भगवान मास्तरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं बघितलं. आवाज फाटायला आला. क्लॅरिनेट बुडालं, खालून गेलं, त्याच्या त्या चिरक्या सुराला खालून धरलं, आणि दोघं मिळून भलतीकडूनच वर आले.

शरणम्माच्या हातातलं ताट कललं. माळवदावरून पोरांनी शिट्ट्या घातल्या. आणि राजूबाई, पोरीची आई, पन्नाशीला टेकलेली बाई, मारुतीपुढं सगळ्या गावासमोर दोन्ही हात वर करून नाचली. आळंदची माणसं, राजेश्वरची माणसं, म्हातारे सोडून सगळे तिच्याभोवती उतरले. ती ओळ हावगेप्पाकडून सात वेळा म्हणवून घेतली तिनं. भटजी शेवटी बाहेर आले आणि त्यांनी बसवेशला हात धरून घोड्यावरून उतरवला, तेव्हा कुठं मुहूर्त साधला.

अंबिका आळंदला गेली. दोन महिन्यांनी दगड झिजले आणि हावगेप्पाची मोपेड गिरणीपुढं थांबली. त्यानं पिशवी उतरवली, फडकं बांधायला लागला. राजूबाई दारात सूप घेऊन बसली होती. दोघांनाही जरा चमत्कारिक वाटत होतं.

"एक विचारू का रे?" ती म्हणाली. "गळा जन्माचाच असा हाय का?"

"न्हाई वो. लहानपणी भजनात पुढं बसवायचे मला. वरचा सूर लई मोकळा होता म्हनतेत." त्यानं छिन्नी निवडली. "मग दगडाचं काम धरलं. धूळ जाती घशात. फडक्यानं कितीसी थांबणार."

त्यानं पहिला ठोका मारला आणि दगडातून पांढरी धूळ उडाली. राजूबाई त्या धुळीकडं बघत राहिली. आठ वर्षं, वर्षाला पाच-सहा खेपा, तिच्याच गिरणीत, तिच्याच दगडाची. आणि आपण समोर बसून त्याला सांगत होतो, की तुझ्या गावच्या कुमारचा आवाज वंगाळ आहे.

ती उठली. आत जाऊन पाण्याची बादली आणली आणि दगडावर तांब्यानं पाणी मारलं. मग अंबाजीचा जुना जाड पंचा ट्रंकेतून काढला, भिजवून पिळला, चौघडी केली आणि त्याच्यापुढं धरला.

"ते फडकं सोड. हे बांध. हितून पुढं कोरड्या दगडाला हात लावायचा न्हाई. बाकीच्या गिरणीवाल्यांला बी सांग, राजूबाईनं सांगितलंय म्हनून. अन् जाताना घशाला गूळ घेऊन जा."

हावगेप्पानं पंचा घेतला, पण बांधला नाही. डोळ्यांत तेच आवरलेलं हसू.

"अक्का, गळा सुदारला तर मी अडकणार न्हाई. मी अडकलो न्हाई, तर मास्तर खाली जाणार न्हाईत. वळसा जाईल की तुमचा."

नऊ वर्षांचा वळसा होता तो.

"जाऊ दे," राजूबाई म्हणाली. "बांध तो पंचा."

त्यानं बांधला. ओल्या दगडावर हातोडीचा आवाज वेगळा, दबका येत होता. जरा वेळानं ओल्या पंच्याआडून त्यानं विचारलं, "काल भालकीत होतो आमी. तुमी आलता म्हनं. कसा गायला कुमार?"

"वंगाळ," राजूबाई म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं, त्याच्याकडं तोंड करून नीट मांडी घातली, आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.